परसातील तिखट मिरची (मराठवाडा)

मराठवाड्यात घराच्या परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत घरखर्चापुरती लावलेली मिरची. चार-पाच झाडे नीट जोपासली तर ज्वारीच्या भाकरीसोबतच्या ठेच्याला बाजारातून मिरची आणावी लागत नाही.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. आज धर्माबादची लाल मिरची आणि भोकरदन-सिल्लोड भागातली हिरवी मिरची प्रसिद्ध आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी तेजस’ हा वाणही दिला आहे.

ओळखताना नावावर विसंबू नये. बारीक आणि झणझणीत दिसली की तिला ‘लवंगी’ म्हणून मोकळे होतात. रंगही फसवा, कारण हिरवी आणि लाल ही एकाच फळाची दोन वये. खरी खूण फुलात आणि देठाशी असते. ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी आणि ढोबळीसुद्धा कॅप्सिकम ॲन्युअम या जातीच्या. त्यांच्या पेरावर बहुधा एकेकच पांढरे फूल येते. कॅप्सिकम फ्रुटेसेन्सची फुले हिरवट पांढरी आणि फळे बारीक, आभाळाकडे तोंड केलेली. मात्र ॲन्युअमच्याही काही वाणांची फळे उभी असतात, म्हणून फूल पाहिल्याशिवाय निवाडा करू नये. ईशान्येकडच्या भूत जोलोकिया या मिरचीत कॅप्सिकम चायनेन्स या तिसऱ्या जातीचा मोठा अंश आहे. चायनेन्सच्या पेरावर दोन-तीन फुले असतात आणि देठ जिथे फळाच्या हिरव्या टोपीला मिळतो तिथे दोरा आवळल्यासारखी वळी दिसते.

तिखटपणा बियांत नसतो. मिरची उभी चिरली की बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या दिसतात, त्यात कॅप्सेसिन हे तिखटपणा आणणारे द्रव्य तयार होते. बियांना ते नुसते लागते. भूत जोलोकियाची नोंद २००७ साली दहा लाख स्कोव्हिल एककांच्या (तिखटपणा मोजण्याचे माप) वर झाली. पुष्कळ वाणांत पाण्याचा थोडा ताण बसला की तिखटपणा वाढतो.

लागवडीत पहिली अडचण काळ्या मातीची. ती पावसात चिबडते, मुळे कुजतात आणि हिरवेगार झाड दोन दिवसांत माना टाकते. म्हणून वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून वाफा उंच करावा. मृगाच्या तोंडावर टाकलेले बी साधारण आठ-दहा दिवसांत उगवते. पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर झाले की लावावे. एप्रिल-मेच्या उन्हात फुले गळतात. तो रोग नव्हे. पश्चिमेकडून कडब्याचा आडोसा केला तर झाड तग धरते.

खरा शत्रू चुरडामुरडा, म्हणजे पाने आकसून वळणे. पान हातात घेऊन पाहावे: कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या असतील तर कोळी ही अगदी बारीक कीड. दोन्हींवर पाच टक्के निंबोळी अर्क सुरुवातीलाच फवारावा. पण पाने बारीक, पिवळट होऊन झाडच खुजे राहिले, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. जीव तुटला तरी ते झाड उपटावे, नाहीतर शेजारची झाडेही जातात.

बी धरणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. तिखट मिरचीशेजारी ढोबळी असेल तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात. त्या साली फळात काहीच फरक पडत नाही, फरक दिसतो तो पुढच्या साली, त्या बियांच्या झाडांवर. म्हणून बियाण्याच्या फांदीला कळी उमलण्याआधीच मलमलचे फडके बांधावे आणि फळ धरले की सोडावे.