करप्शन पॉइंट (फँटसी रोलप्लेइंग खेळ)

करप्शन पॉइंट म्हणजे फँटसी टेबलटॉप खेळात (टेबलाभोवती बसून, फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळात) पात्र किती बाटले आहे ते आकड्यात मांडणारा हिशेब. काळी विद्या, शापित वस्तू किंवा स्वतःची दुष्कृत्ये यांमुळे हा आकडा चढतो. 'भ्रष्टाचार' हा शब्द येथे जुळत नाही, त्याला लाचेचा वास आहे; 'बाटणे' हेच क्रियापद अचूक बसते. नियम लिहायला सोपा, पण त्याचा तोल सांभाळणे अवघड.

या घराण्यातला जुना नियम म्हणजे 'कॉल ऑफ कथुलू' (१९८१) मधली सॅनिटी, म्हणजे पात्राच्या मानसिक तोलाचा आकडा. तिची कमाल मर्यादा ९९ वजा पात्राचे कथुलू मिथॉस (त्या जगातल्या अमानवी शक्तींचे ज्ञान) कौशल्य. म्हणजे संकट ओळखायला लागणारे ज्ञानच डोके ठिकाणावर राहण्याची मर्यादा खाली आणते. वेस्ट एंड गेम्सच्या 'स्टार वॉर्स'मध्ये (१९८७) डार्क साइड (काळ्या बाजूचा) पॉइंट मिळाला की एक सहा बाजूंचा फासा टाकायचा. आकडा जमलेल्या पॉइंटांपेक्षा कमी आला तर पात्र काळ्या बाजूला गेले. पहिल्या पॉइंटला धोका शून्य, दुसऱ्याला सहात एक, चौथ्याला निम्मा. पण सगळ्या फेऱ्यांचा गुणाकार केला तर चौथ्या पॉइंटापर्यंत तग धरण्याची शक्यता जेमतेम २८ टक्के उरते. नियम वाचताना हा उतार इतका तीव्र असल्याचे जाणवत नाही.

आज अभ्यासाला सर्वांत सोयीचा नमुना 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले'च्या चौथ्या आवृत्तीचा (२०१८). त्यात संसर्ग किरकोळ, मध्यम आणि मोठा असा तीन प्रतींचा. एन्ड्युरन्स (तग) किंवा कूल (थंड डोके) या कौशल्याची फाशांवरची चाचणी हुकली तर अनुक्रमे १, २ आणि ३ पॉइंट. विलपॉवर (मनोबल) आणि टफनेस (काटकपणा) या पात्राच्या गुणांच्या दशकस्थानच्या आकड्यांची बेरीज ही सीमा. ती ओलांडली की एन्ड्युरन्सची चाचणी. तीही हुकली तर शरीरात किंवा मनात विकृती येते आणि विलपॉवरच्या दशकस्थानाइतके पॉइंट कमी होतात.

आता विलपॉवर ३१ आणि टफनेस ३४ असलेले माणसाचे पात्र घ्या. सीमा ३ + ३ = ६, म्हणजे सातव्या पॉइंटाला पहिली चाचणी. सेशनला (खेळाच्या एका बैठकीला) सरासरी १ पॉइंट धरला तर सातवे सेशन. ती हुकली की ३ पॉइंट उतरून ४ उरतात, आणि पुढची चाचणी अवघ्या तीन सेशनांत येते. पहिली घसरण सावकाश, नंतरच्या भराभर. दहा सेशनांच्या कॅम्पेनला (सलग चालणाऱ्या कथेला) हा वेग ठीक. चाळीस सेशनांचा बेत असेल तर जीएमने (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) पॉइंटांची आवक निम्मी करावी. सीमा वाढवू नये, कारण मग सुरुवातीचे सगळे पॉइंट फुकटचे वाटू लागतात.

फुकटच्या पॉइंटांचा रोग खरा. सीमेपर्यंत काहीच बिघडत नसेल तर हिशेबी खेळाडू पहिल्याच सेशनला सहा पॉइंट उडवतो आणि नंतर सोवळे पाळतो. उपाय म्हणजे निम्म्यावर एक छोटी, उघड दिसणारी खूण: कुत्री गुरगुरतात, दूध नासते. अंकांत शिक्षा नको.

याच्या उलटही घडते. जीएम प्रत्येक पडक्या देवळात संसर्गाची चाचणी लावतो, पॉइंट आयता गळ्यात पडतो, आणि करप्शन ही जखमांचीच दुसरी यादी होते. खेळाडू मग दारच उघडत नाहीत. पॉइंट स्वतःहून उचलला तरच त्याला वजन येते. वॉरहॅमरच्या या आवृत्तीत तशी सोय आहे: एक पॉइंट घेऊन हुकलेली चाचणी पुन्हा टाकता येते, आधी एकदा पुन्हा टाकली असली तरीही. उंदीर पकडणारा भिंतीवरून घसरतोय, फॉर्च्यून (नशिबाचे राखीव पॉइंट) वापरूनही फासे रुसलेत, खाली गटारात पहारेकरी आहेत; जीएम शब्दही न बोलता कॅरमची एक काळी सोंगटी टेबलाच्या मध्यावर सरकवतो. ती उचलायची की नाही, हा निर्णय खेळाडूचा.

सोंगट्यांचा आणखी एक फायदा. सेटमध्ये काळ्या नऊच असतात. चार खेळाडूंच्या एका सेशनला त्या संपल्या की देणे बंद, एवढा नियम आवक आपोआप आवरतो.

पॉइंटांना उतारही हवा, पण स्वस्त नको. देवळात दहा शिलिंग ठेवून पॉइंट धुतला गेला तर तो नुसता कर झाला. त्यापेक्षा वरच्याच पुस्तकातला 'डार्क व्हिस्पर्स'चा मार्ग चांगला: जीएम सुचवतो की पहाऱ्यावर तुझा डोळा लागला, खेळाडूने मानले तर एक पॉइंट उतरतो. नाकारण्याचा हक्क त्याचाच. पात्राची लगाम जीएमने हिसकावली की भांडणे होतात. शरीराच्या विकृती आणि मानसिक आजारांबाबत कोणाला काय नको, हे पहिल्या सेशनच्या आधीच विचारून घ्यावे.

शारीरिक विकृती टफनेसच्या किंवा मानसिक विकृती विलपॉवरच्या दशकस्थानापेक्षा जास्त झाल्या की पात्र केऑसचे (त्या जगातल्या दुष्ट शक्तींचे) होते आणि त्याचा कागद जीएमकडे जातो. खेळाडू नवे पात्र आणतो, तेही शून्य पॉइंटांचे. बाकीचे पाच-सहावर टेकलेले असल्याने शापित पेटी उघडायला पुढे कोणाला करायचे हे तेव्हाच ठरून जाते. त्या पात्राला पहिल्याच दिवशी दोन सोंगट्या देऊन बसवले की हा डाव मोडतो.