मावशीच्या डोक्यावरचा ढग

सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्यामागे अ‍ॅन ती काढून पेटीत ठेवते. परतलेली सॅली गोटी कुठे शोधेल? सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये बाहुल्यांचा हा खेळ मुलांपुढे मांडला. २० स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी १६ जणांनी, गोटी खरोखर जिथे होती, ती जागा दाखवली. सॅलीला हे ठाऊकच नाही, हे त्यांनी हिशेबात धरलं नाही.

त्यावरून ‘या मुलांना मायाच नसते’ असा अर्थ काढणारे काढतात. तो साफ चुकीचा. समोरच्याला दुखतंय हे कळलं की यातली कितीतरी मुलं कासावीस होतात. अडतं ते न बोललेलं ओळखताना.

मग ते कागदावर काढून दाखवावं. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९४ मध्ये ही रीत मांडली: काड्यांची माणसं, बोलण्याचा एक फुगा, मनातल्या विचाराचा वेगळा ढग. जळगाव-धुळ्याकडच्या घरात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला पाहुण्यांची गर्दी असते. मावशी लाडाने गालगुच्चा घेते, पोरगा तिचा हात झटकून पळतो, आणि सगळे म्हणतात, ‘उद्धट आहे.’ दुसऱ्या दिवशी, घर शांत झाल्यावर, हा प्रसंग काढायचा. मावशीच्या ढगात ‘किती दिवसांनी दिसला!’ आणि त्याच्या ढगात तो सांगेल ते. घरी अहिराणी असेल तर अहिराणीतच: ‘मना गाल दुखस’ (माझा गाल दुखतो). बोलत नसेल तर चित्रावर बोट ठेवू दे.

हा कागद मावशीलाही दाखवायचा. माझ्या मते खरं काम तिथेच आहे. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये म्हटलं, की न समजणं दोन्हीकडून असतं. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट पोचवायला लावली. स्वमग्नांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत जास्त गळाली.

हसरा, रडका, रागावलेला अशा चेहऱ्यांचे तक्ते पाठ करून घेण्यावर मात्र फार भिस्त नको. अशा शिकवणीत मूल ते कौशल्य शिकतं, पण रोजच्या वागण्यात ते आपोआप उतरतंच असं नाही. म्हणून प्रसंग घरचाच घ्यावा. आणि मावशीच्या मनात काय होतं हे आईलाही सांगता येईना, तर ढग रिकामा ठेवून सरळ मावशीला फोन लावावा.