पार्श्वभूमी: पिशवी मोकळी झाली, पुढच्या बाळंतपणाचं काय?

गर्भपिशवी आतून चिकटते, याची नोंद १८९४ सालीच एका जर्मन डॉक्टरने केली होती. १९४८ मध्ये पाळी बंद झालेल्या २९ बायकांची माहिती छापून आली आणि या आजाराला ‘अ‍ॅशरमन सिंड्रोम’ हे नाव मिळालं. पिशवीत घालून आतून बघायची दुर्बीण रुळल्यावर चिकटलेला भाग डोळ्यांनी बघून सोडवता येऊ लागला. ऑपरेशननंतर पुन्हा चिकटू नये म्हणून पिशवीत तांबी किंवा फुगा आणि सोबत हार्मोनच्या गोळ्या, ही पद्धत बरीच वर्षं चालत आली आहे.

परदेशात दोष बहुतेक क्युरेटिंगकडे, म्हणजे पिशवी आतून खरवडून साफ करण्याकडे जातो. आपल्याकडे क्षयरोगही आहेच. ठाणे-नवी मुंबईतल्या कळवा, दिवा, तुर्भे इथल्या दाटीच्या वस्त्यांतून घोडबंदर किंवा वाशीच्या वंध्यत्व केंद्रांत येणाऱ्या बाईला डॉक्टर लहानपणी टीबी झाला होता का, हे विचारतात ते त्यामुळेच. क्युरेटिंगनंतर थोडंसंच चिकटलं असेल, तर ऑपरेशनचा निकाल पुष्कळदा चांगला लागतो. क्षयाने पिशवीच्या आतल्या अस्तराचा मूळ थरच जळाला असेल, तर पिशवी मोकळी करूनही अस्तर वाढत नाही. गर्भनळ्याही बहुधा खराब झालेल्या असतात. दोन्ही प्रकारच्या बायका यशाच्या एकाच टक्केवारीत मोजल्या, तर तो आकडा दोघींनाही फसवतो.

खरा वाद आहे तो पीसीआरचा, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीचा. गेल्या काही वर्षांत अस्तराचा तुकडा पीसीआरला पाठवायचा आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स सुरू करायचा, असं सर्रास होऊ लागलं. बाजू घेणारे म्हणतात, या जागी जंतू फार थोडे असतात, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, सापडत नाहीत. वाट बघत बसलं तर उरलंसुरलं अस्तरही जाईल. हा मुद्दा खोटा नाही. पण पीसीआरला जंतूचा डीएनए दिसतो, तो जिवंत की मेलेला हे कळत नाही, आणि नमुन्यात बाहेरून भेसळ झाली तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. पस्तिशीच्या बाईचे सहा महिने आणि त्या गोळ्यांपायी तिचं लिव्हर एवढ्या एका कागदावर पणाला लावणं मला पटत नाही. दुर्बिणीतून काय दिसलं आणि तुकड्याच्या तपासणीत क्षयाच्या गाठी आहेत का, हे सोबत बघायलाच हवं. अस्तर परत आलंच नाही तर पुढची वाटही अरुंद आहे, कारण पैसे देऊन सरोगसी करायला २०२२ पासून बंदी आहे.

दिवस राहिले की ऑपरेशन यशस्वी झालं, असंच पूर्वी धरलं जाई. पुढचं लक्षात यायला वेळ लागला: गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि मुख्य म्हणजे वार पिशवीत रुतणं. अशी वार सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही आणि कधी पिशवीच काढावी लागते. म्हणून सोनोग्राफीत वार नीट बघून घ्यायची आणि रक्तपेढी हाताशी असलेल्या ठिकाणी नाव घालायचं. आपल्याकडे बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते, फाइल ठाण्यातच राहते आणि ‘पिशवी साफ केली होती’ एवढंच तिथल्या डॉक्टरांच्या कानावर पडतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा कागद तिच्यासोबत माहेरी गेलाच पाहिजे.