नवी खुर्ची घेऊनही कंबर का दुखते?

खुर्ची नेल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी एकाच स्वरूपाच्या असतात: ‘खुर्ची चांगली आहे, पण कंबर दुखायची थांबत नाही, बदलून द्याल का?’ आमचा माणूस जाऊन पाहतो, तेव्हा खुर्चीत दोष क्वचितच निघतो. दोष असतो बैठकीच्या उंचीत, आणि ती दुरुस्त करायला एक लिव्हर ओढणे पुरते.

होते असे, की टेबल उंच असते म्हणून खुर्चीही वर घेतली जाते. मग टाचा अधांतरी राहतात, बैठकीची कड मांडीखाली रुतू लागते आणि ती टोचू नये म्हणून माणूस नकळत पुढे सरकून बसतो. त्याची पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यात वीतभर अंतर पडते आणि कमरेच्या आधारासाठी दिलेला फुगवटा नुसता शोभेपुरता उरतो. कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूस नैसर्गिक बाक असतो. पुढे झुकून बसले की तो सपाट होतो, मणक्यांमधल्या गाद्यांवरचा दाब वाढतो आणि पाठीचे स्नायू तासन्‌तास शरीर तोलून धरता धरता थकतात. काम संपताना जाणवणारी ठणक बहुधा याचीच असते.

म्हणून आधी पाय, मग टेबल. खुर्चीसमोर उभे राहून बैठक गुडघ्याच्या वाटीच्या किंचित खाली येईल इतपत ठेवावी, त्यानंतर कंबर खुर्चीच्या पाठीला भिडेपर्यंत मागे सरकून बसावे. गुडघ्यामागे दोन-तीन बोटे मावतील एवढी जागा राहिली, तर बैठकीची पुढून मागेपर्यंतची लांबी तुम्हाला योग्य आहे. मागणी नोंदवताना आम्ही वापरणाऱ्याची उंची विचारतो आणि काहींना ती नसती चौकशी वाटते, पण ही जागा नंतर कोणत्याही लिव्हरने सहजी निर्माण करता येत नाही. टेबल तरीही उंच पडत असेल, तर खुर्ची कोपराच्या मापाने वर घ्यावी आणि पायांखाली आधार द्यावा. पायटेकू आमच्याकडे मिळतो. जाड पुस्तकांचा न घसरणारा गठ्ठाही तेच काम करतो. खुर्चीची पाठ मात्र 90 अंशांत ताठ ठेवण्याचा हट्ट नको. 100 ते 110 अंशांपर्यंत मागे कललेली पाठ कमरेचा भार अधिक चांगला पेलते.

एवढे करूनही सलग चार तास बसलात, तर आमची सर्वांत महागडी खुर्चीसुद्धा तुम्हाला वाचवू शकणार नाही, हे विक्रेते असूनही सांगणे भाग आहे. मणक्यांमधल्या गाद्यांना थेट रक्तपुरवठा जवळपास नसतो. त्यांचे पोषण हालचालीवर बरेच अवलंबून असते. अर्ध्या तासाने उठून थोडे चालावे, फोन उभ्याने घ्यावा. लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करणे आणि वजन शरीरापासून लांब धरून, कमरेत वाकून उचलणे, ही दुखण्याची आणखी दोन नेहमीची कारणे आहेत.

कंबर धरलीच, तर दिवसच्या दिवस अंथरुणाला खिळून राहू नये. शेक घेऊन झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहिल्यास साधे दुखणे बहुतेकदा काही आठवड्यांत ओसरते. परंतु पायातली ताकद कमी होणे, जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही जाणवल्यास खुर्चीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखण्यासोबत ताप असेल किंवा ते पडल्यानंतर सुरू झाले असेल, तरीही डॉक्टरांना दाखवावे.

वरील जुळवणी करून आठवडाभर पाहावे. तरीही त्रास राहिला, तर तक्रारीसोबत टेबलाशी बसलेला, बाजूने घेतलेला आणि तळपाय दिसतील असा फोटो पाठवावा. तो घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या नकळत, कामाच्या भरात काढायला सांगावा. फोटोसाठी ताठ बसलेल्या माणसावरून आम्हाला काहीच कळत नाही.