पीटीईसी आणि पीटीआरसी : कर एकच, देणी दोन

महाराष्ट्रात व्यवसाय कराचा कायदा १९७५चा आहे आणि त्याखाली दोन वेगवेगळे दाखले मिळतात. पीटीईसी म्हणजे व्यावसायिकाची स्वतःची नावनोंदणी आणि पीटीआरसी म्हणजे मालक या नात्याने केलेली नोंदणी. नावे इतकी जवळची आहेत की पहिला दाखला काढल्यावर दुसऱ्याची गरजच नाही, असे अनेक दुकानदार प्रामाणिकपणे समजतात.

पीटीईसीचा व्यवहार सोपा आहे. वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे; विवरणपत्र नाही. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराने आपापले भरायचे, आणि कंपनी असेल तर कंपनीने वेगळे व प्रत्येक संचालकाने वेगळे, एवढे मात्र विसरू नये.

खरी गफलत पीटीआरसीत होते, कारण तिथे भरायचा पैसा आपला नसून नोकराच्या पगारातून कापलेला असतो. समजा, सांगलीतल्या एका किराणा दुकानदाराने जूनपासून एका तरुणाला १२,००० आणि एका बाईंना १८,००० रुपये पगारावर ठेवले आणि तो पगार दर महिनाअखेरीस दिला. महिलांना २५,००० रुपयांपर्यंत सूट असल्याने बाईंच्या पगारातून काहीच कापायचे नाही. पुरुषांच्या बाबतीत मात्र पगार १०,००० रुपयांच्या वर गेला की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापावे लागतात. (फेब्रुवारीचे जादा शंभर याचसाठी की बारा महिन्यांची बेरीज २,५०० व्हावी, राज्यघटनेने घातलेली वार्षिक मर्यादा तेवढीच आहे.) म्हणजे त्या तरुणाचे जून ते फेब्रुवारीचे १,९०० रुपये झाले. दुकानदार नव्याने नोंदलेला नसेल आणि आदल्या वर्षीचे त्याचे देणे एक लाखाच्या आत असेल, तर ही रक्कम भरून वर्षाचे एकच विवरणपत्र ३१ मार्चपर्यंत दाखल करता येते. देणे त्याहून जास्त असेल तर विवरणपत्र दरमहा द्यावे लागते.

‘मी पगारातून कापलेच नाहीत, मग भरू कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो, पण कापायला विसरलेल्या मालकाचीही कर भरण्याची जबाबदारी कायद्याने सुटत नाही आणि उशीर झाल्यास त्यावर व्याज चढते, ते नोकराच्या नव्हे, मालकाच्या खिशातून जाते.

दोन्हींचे चलन एकाच संकेतस्थळावर निघत असल्याने भरण्यापूर्वी क्रमांक नीट पाहावा : पीटीईसीचा ९९ने सुरू होतो आणि पीटीआरसीचा २७ने.