चिकित्सक आवृत्तीचा प्रताधिकार

प्राचीन धर्मग्रंथाची हस्तलिखिते जुळवून आणि पाठभेद तपासून सिद्ध केलेल्या मुद्रित आवृत्तीवर संपादकाला किंवा त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्या संस्थेला मिळणारा हक्क. वेद, स्मृती, पुराणे यांच्या मूळ पाठावर कोणाचाही प्रताधिकार (कॉपीराइट) नाही. परंपरेने वेद अपौरुषेय मानले, पण कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही. कर्ता ज्ञात असलेली ‘ज्ञानेश्वरी’ही तितकीच खुली आहे. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार अधिनियमात चिकित्सक आवृत्तीसाठी स्वतंत्र कलम नसल्याने ती कलम १३ खाली ‘मौलिक साहित्यकृती’ ठरते की नाही, यावरच सारे अवलंबून असते.

जुन्या भारतीय निर्णयांत सर्वांत उपयुक्त निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचा असून तो गंगाविष्णू श्रीकिसनदास विरुद्ध मोरेश्वर बापूजी हेगिष्टे या दाव्यात १८८९ च्या सुमारास, म्हणजे प्रताधिकाराचा १८४७ चा विसावा अधिनियम लागू असताना, दिला गेला. वादीने ‘व्रतराज’ या व्रतांवरील प्रसिद्ध संस्कृत ग्रंथाची सटीप आवृत्ती १८८४ मध्ये काढली होती. तिच्यात मजकुराची फेरमांडणी होती, त्याच विषयावरील इतर जुन्या ग्रंथांतील उतारे होते आणि टीपाही होत्या. प्रतिवादीच्या पुस्तकात तोच पाठ, तेच जादा उतारे आणि त्याच टीपा आढळल्या. न्यायालयाने जुन्या सामग्रीची ही नवी मांडणी मौलिक कृतीच्या तोडीची मानली, आणि प्रतिवादीने स्वतंत्र साधनांकडे न जाता वादीच्याच श्रमांवर पुस्तक उभारल्यामुळे त्याला मनाई केली. स्वतः पोथ्या मिळवून ‘व्रतराज’ छापण्याची वाट मात्र कोणालाही बंद झाली नाही. पुढे मुंबईहूनच गेलेल्या मॅकमिलन विरुद्ध कूपर या अपिलात (१९२३–२४) प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील अंतिम अपील न्यायपीठाने) प्लूटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून निवडलेल्या उताऱ्यांना संरक्षण नाकारले, पण टीपांना दिले. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या दाव्यात (डिसेंबर २००७) सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ श्रम पुरेसे नाहीत, कौशल्य व विवेक यांच्या जोडीला किमान सर्जनशीलता हवी, असे ठरविले. न्यायनिर्णयांच्या मुद्रित प्रतींतील किरकोळ दुरुस्त्यांना त्यात संरक्षण मिळाले नाही.

प्रस्तावना, टीपा, सूची यांविषयी त्यामुळे फारसा वाद उरत नाही. खरा वाद संपादकाने निश्चित केलेल्या पाठाविषयी आहे. हा पाठ मूळ कर्त्याचाच म्हणावा, तर हक्क जातो. आपला म्हणावा, तर आवृत्तीची पत जाते. मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखित गुंडाळ्यांपैकी एका त्रुटित लेखाच्या पुनर्रचनेवर अभ्यासकाचा प्रताधिकार इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मान्य केला. मध्ययुगीन ग्रंथांच्या संपादित पाठाला तो नाही, असे पॅरिसच्या न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले. जर्मनीत अशा आवृत्त्यांना २५ वर्षांचा वेगळा हक्क असल्याने तेथे ही कोंडी बरीच सुटते. भारतापुरते पाहता एकाच पोथीच्या प्रतिलेखनाला २००७ ची कसोटी पेलवत नाही. मात्र अनेक पोथ्यांतून ओळीओळीला निवड करून सिद्ध केलेला, कोणत्याही एका पोथीशी तंतोतंत न जुळणारा पाठ तिला उतरतो, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

सातारा जिल्ह्यात दोन्ही टोकांची उदाहरणे सापडतात. श्री. दा. सातवळेकर यांनी १९१८ च्या सुमारास औंधला स्वाध्याय मंडळ स्थापन केले आणि १९४८ मध्ये गुजरातेतील पारडीला जाईपर्यंत तेथून वैदिक संहिता छापल्या. पदपाठ (शब्द सुटे करून म्हणणे), क्रमपाठ (शब्द जोडीजोडीने म्हणणे) या पठणपद्धतींनी संहितेचे अक्षर न् अक्षर बांधलेले असल्याने त्या पाठात संपादकाला निवडीस वाव जवळजवळ नाही. परंतु देवतावार मंत्र लावलेली त्यांची ‘दैवत संहिता’ ‘व्रतराजा’च्या न्यायाने नवी मांडणी ठरते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून निघालेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी संपादिलेला ‘धर्मकोश’ (न्यायव्यवहारावरील ‘व्यवहारकांडा’चा आरंभ १९३७) धर्मशास्त्रीय वचने विषयवार लावतो. त्याची वचने खुली, रचना मात्र नाही.

हक्क संस्थेकडे असला, तरी नाव दिलेल्या संपादकाच्या कृतीची मुदत सामान्यतः त्याच्या आयुष्यावरून, मृत्यूनंतरचे ६० वर्षे अशी मोजली जाते; १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ती ५० वर्षे होती. सातवळेकर १९६८ मध्ये आणि तर्कतीर्थ १९९४ मध्ये वारले; म्हणजे त्यांच्या कृतींची मुदत अनुक्रमे २०२८ व २०५४ अखेर संपते. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या भागांची गणना प्रकाशनवर्षापासून होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देऊ केल्याने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत उभ्या राहिलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तर पर्वांचे संपादक वेगवेगळे आहेत. त्यामुळे संपादकाला कर्ता धरल्यास वि. सी. सुखठणकर (मृत्यू १९४३) यांचे आदिपर्व २००३ अखेर खुले झाले, आणि सुशीलकुमार डे (मृत्यू १९६८) यांच्या उद्योगपर्वाला २०२८ अखेरपर्यंत थांबावे लागते.