प्रकाशाला गुण्यात आणताना

मास्किंग टेपच्या बोटभर तुकड्यावर दोन करपलेले ठिपके होते. पहिला, लेझरचं हेड (किरण खाली वळवून कापणारा सरकता भाग) अलीकडच्या टोकाला असताना पडलेला. दुसरा, तेच हेड सव्वा मीटर पलीकडे ढकलल्यावर. दोघांत एक सेंटिमीटरचं अंतर. घरच्या पडवीत मोठा लेझर कटर बांधायला घेतला, तेव्हा अवघड काम लेझरचं असेल असं मी धरून चाललो होतो. पण लेझरची नळी तयार विकत मिळते. तिच्यातून निघालेला किरण अडीच मीटरभर ठरल्या रेषेत चालवणं, हे मात्र आपलं आपल्यालाच जमवावं लागतं.

मोठाच का हवा होता? मखरासाठी. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्याकडे प्लायवूड-पुठ्ठ्याची मखरं होऊ लागली. टेबलावरच्या छोट्या मशीनवर चार फुटी कमान तुकड्यातुकड्यांत कापावी लागते आणि सांधा आला की नक्षी तुटते. म्हणून १३०० बाय ९०० मिलिमीटर कापता येईल एवढं मशीन.

नळी ८० वॅटची, काचेची, सव्वा मीटर लांब. आत कमी दाबाखाली कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी जगापुढे आणला. जन्म बारामतीचा, पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, १९५८ ची. नळी हातात घेतली की मला दर वेळी हे आठवतं आणि अभिमान वाटतो. त्यांनी नायट्रोजनचा फार सुंदर उपयोग केला. विजेच्या धक्क्याने नायट्रोजनचा रेणू थरथरू लागतो, पण ती ऊर्जा त्याला प्रकाश म्हणून सहजी सोडता येत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची एक थरथर जवळजवळ तेवढ्याच ऊर्जेची असते. दोघांची टक्कर झाली की ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि तो ती १०.६ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरींच्या रूपात सोडतो. हेलियम उष्णता बाहेर काढायला मदत करतो. हा किरण डोळ्यांना दिसत नाही. भिंगातून गेल्यावर तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या ठिपक्यात गोळा होतो. तिथली तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या एक कोटी पटींच्या आसपास असते.

मात्र भिंगापर्यंत पोचायला त्याला तीन वळणं घ्यावी लागतात. पहिला आरसा नळीच्या तोंडाशी पक्का बसवलेला, दुसरा पुढेमागे सरकणाऱ्या आडव्या दांडीच्या टोकाला, तिसरा दांडीवर धावणाऱ्या हेडमध्ये. आरसा २५ मिलिमीटर व्यासाचा असला तरी ४५ अंशांत कललेला असल्याने किरणाला तो जेमतेम अठरा मिलिमीटर रुंद भेटतो. आणि किरणही प्रवासात पसरतो. नळीतून ६ मिलिमीटर जाडीचा निघाला, तर लांबच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत ८ च्या घरात जातो. दोन्ही बाजूंना उरते ती पाच-पाच मिलिमीटरची मोकळीक.

आता स्क्रूचं गणित बघा. माझ्या आरशाच्या बैठकीवरचा स्क्रू टेकूपासून ३० मिलिमीटरवर आहे, आटे अर्ध्या मिलिमीटरचे, म्हणजे एका फेऱ्यात तो अर्धा मिलिमीटर पुढे जातो. पाव फेरा दिला की आरसा अगदी नकळत कलतो. पण आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट कोनात किरण वळतो. सव्वा मीटरवर तो दहा मिलिमीटर सरकलेला! छोट्या मशीनवर, ३०० मिलिमीटरच्या अंतरात, हीच चूक अडीच मिलिमीटरची होते आणि खपून जाते. मोठ्या मशीनवर काहीच खपत नाही.

मी सुरुवातीला हट्टाने ठिपका आरशाच्या मध्यावर आणत बसलो. तो जवळ मध्यावर यायचा आणि लांब भलतीकडे जायचा. तीन संध्याकाळी अशा गेल्या. मध्य आधी शोधायचाच नसतो. आधी जवळचा आणि लांबचा ठिपका एकावर एक पडला पाहिजे, मग तो आरशावर कुठेही का असेना. तसं झालं म्हणजे किरण रुळाला समांतर झाला. मध्य नंतर, आख्खी नळी सूत-दोन सूत सरकवून साधायचा. प्रत्येक वेळी टेप लावायची, झाकण बंद करायचं, आणि मगच क्षणभर किरण सोडायचा.

एवढं करूनही एकच कोपरा ऐकेना. तीन कोपऱ्यांत ठिपका जागेवर, चौथ्यात खाली. तेव्हा लक्षात आलं की दोष आरशांचा नाही, चौकटीचा आहे. चौकट मी मुद्दाम १६०० बाय १२०० ची घेतली होती, म्हणजे कर्ण बरोबर २००० भरतो. गवंड्यांचा तीन-चार-पाचचा गुण्या तो हाच. चौकट ३ मिलिमीटरने तिरकी झाली तर दोन कर्णांत जवळपास ५ मिलिमीटरचा फरक पडतो, मोजायच्या साध्या टेपनेही कळतो. माझे कर्ण सारखे होते, तरी चौकट पिळलेली होती. पीळ शोधायला सुतारांचा जुना उपाय केला: सारख्या उंचीवरून कोपऱ्या-कोपऱ्यात दोन दोरे ताणले. चौकट सपाट असेल तर दोरे मधोमध एकमेकांना नुसते शिवतात. माझ्या दोऱ्यांत पोस्टकार्ड सहज सरकत होतं. एका पायाखाली पत्र्याची पट्टी सरकवली, बोल्ट ढिले करून पुन्हा आवळले, आणि चौथा कोपरा आपसूक वळणावर आला.

कोकणात अजून एक गोष्ट सांभाळावी लागते. नळीभोवती पाणी खेळतं ठेवावं लागतं, आणि ते थंड असेल तितकी नळी खूश. पण पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की २५ अंशांच्या खाली कशावरही दव धरतं. नळी पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वरची वीज लागते, आणि ओल्या काचेवरून ती वाट काढते. म्हणून पावसात मी पाणी २६ वर ठेवतो. ताकद थोडी कमी मिळते, ती चालते. वीज बंद केली तरी उच्च दाबाच्या भागाला लगेच हात लावायचा नाही आणि अर्थिंगशिवाय मशीन सुरूच करायचं नाही.

झाकण पारदर्शक ॲक्रेलिकचं आहे. आपल्याला त्यातून आरपार दिसतं, पण १०.६ मायक्रोमीटरच्या लहरींना ते भिंतीसारखं आहे. डोळ्यावर पडला तर हा किरण पुढचा पडदाच भाजतो, म्हणून झाकण उघडताच नळी बंद होईल असा स्विच लावलेला आहे. ॲक्रेलिक आणि लाकूड कापताना पेट घेऊ शकतात. मशीन चालू असताना मी जागचा हलत नाही. रेक्झिन किंवा फ्लेक्सचा तुकडा कुणी कितीही आर्जवाने आणला तरी कापत नाही. त्यात पीव्हीसी असतं. जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसं जाळतो आणि रूळही गंजवतो.

दर श्रावणात, मखरांचं काम सुरू व्हायच्या आधी, चारही कोपऱ्यांत टेप लावून ठिपके पाडतो. यंदा मागचा डावा कोपरा मिलिमीटरभर सरकलेला दिसला. स्क्रूला हात लावायच्या आधी दोरे ताणले. पट्टीखालची फरशी पावसाने बसली होती.